मान व खांदा यांमधील मज्जातंतूंवरील दाब : निदान आणि उपचारांचा ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : विदर्भ आणि मिहान, नागपूर)

सारांश

मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर मान व खांदा यांच्यामध्ये दाब पडल्याने उद्भवणारा विकार वैद्यकशास्त्रात ‘थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम’ या नावाने ओळखला जातो. हे नाव १९५६ मध्ये रूढ झाले. परंतु विकाराच्या ओळखीचा इतिहास त्याहून बराच जुना आहे. या इतिहासात प्रत्येक कालखंडाने आपल्या साधनांना जो अवयव दिसला त्यालाच रोगाचे कारण मानले आणि त्यावरच शस्त्र चालवले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. रुग्णाच्या हाताची काळजीपूर्वक तपासणी आणि त्याच्या कामाची विचारपूस यांनीच ही एकांगी दृष्टी वेळोवेळी दुरुस्त केली. कुष्ठरोगाचा दीर्घ इतिहास असलेल्या विदर्भात आणि मालवाहतूक केंद्र म्हणून उभ्या राहिलेल्या मिहान परिसरात या निष्कर्षाला विशेष महत्त्व प्राप्त होते.

बीजशब्द : मज्जातंतू, मानेची बरगडी, स्केलीन स्नायू, कुष्ठरोग, हमाल, विदर्भ, मिहान.

१. प्रस्तावना

रोगांचा इतिहास हा केवळ वैद्यकाचा इतिहास नसतो. एखादे दुखणे कोणत्या नावाने ओळखले गेले, ते कोणाच्या वाट्याला आले आणि ते ओळखण्यात चूक झाली तर किंमत कोणी मोजली, हे प्रश्न सामाजिक इतिहासाच्या कक्षेत येतात. मानेपासून करंगळीपर्यंत जाणारी कळ, हातात येणाऱ्या मुंग्या, वस्तू हातातून निसटणे आणि कालांतराने तळहाताचे मांस वाळणे ही लक्षणे सामान्य माणसाला नवी नाहीत. तथापि या लक्षणांचे मूळ मणक्यात आहे, मान व खांद्यामधील चिंचोळ्या वाटेत आहे, कोपरात आहे की मनगटात, हे ठरविण्यास वैद्यकाला शंभरहून अधिक वर्षे लागली. या वाटचालीचा कालक्रमानुसार आढावा घेणे आणि विदर्भाच्या संदर्भात तिचा अर्थ तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. शरीररचनेची पार्श्वभूमी

हाताला संवेदना व हालचाल देणारे मज्जातंतू मानेच्या पाचव्या ते आठव्या आणि छातीच्या पहिल्या अशा पाच मुळांपासून निघतात. ही मुळे एकमेकांत गुंफून मज्जातंतूंचे जाळे तयार होते. हे जाळे हातात उतरताना तीन अरुंद जागांतून जाते. पहिली जागा मानेच्या बाजूस, पुढच्या व मधल्या स्केलीन स्नायूंमध्ये असून तिचा तळ म्हणजे पहिली बरगडी होय. दुसरी जागा गळपट्टीचे हाड व पहिली बरगडी यांमधील फट होय. तिसरी जागा छातीच्या लहान स्नायूखाली, काखेच्या तोंडाशी असते. हाताला रक्त पुरविणारी धमनी मज्जातंतूंसोबत स्केलीन स्नायूंच्या मधून जाते. शीर मात्र पुढच्या स्नायूच्या पुढून जाते. त्यामुळे दाब कोठे व कशावर पडतो यानुसार लक्षणे बदलतात. मज्जातंतूंवर दाब आल्यास मुंग्या, बधिरपणा व अशक्तपणा येतो. धमनीवर आल्यास हात थंड व फिकट पडतो. शिरेवर आल्यास तो सुजून निळसर दिसतो.

छातीच्या पहिल्या मुळाचा मार्ग येथे लक्षात घेण्यासारखा आहे. हे मूळ खालून वर चढून पहिल्या बरगडीवरून वळसा घेते. खांदा जितका खाली ओघळेल तितका या मुळावर ताण येतो. टी. विंगेट टॉड या शरीररचनाशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये जन्मानंतर खांदा क्रमशः खाली येत जातो या बाबीकडे लक्ष वेधले होते. काही व्यक्तींमध्ये मानेच्या सातव्या मणक्याला एक जादा बरगडी असते. सर्वसाधारणपणे शंभरात एखाद्या किंवा त्याहूनही कमी व्यक्तींमध्ये ती आढळते आणि त्यांपैकी बहुतेकांना आयुष्यभर कोणताही त्रास होत नाही. रचनेतील वेगळेपण म्हणजे रोग नव्हे, ही गोष्ट पुढील इतिहास समजून घेताना महत्त्वाची ठरते.

३. प्राचीन नोंदी : वेदनेचा मार्ग

भारतीय वैद्यकपरंपरेत हाताच्या दुखण्यांची नोंद वातव्याधींमध्ये आढळते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘विश्वाची’ व ‘अवबाहुक’ अशा दोन विकारांचा उल्लेख आहे. पहिल्यात बाहूपासून तळहात व बोटांपर्यंत जाणारा आणि हाताचे कार्य हिरावणारा विकार वर्णिला आहे. दुसऱ्यात खांद्याच्या बंधांचे शोषण सांगितले आहे. या संज्ञांची आधुनिक निदानाशी सरळ बरोबरी करणे इतिहासदृष्ट्या योग्य नाही. मात्र या वर्णनाची पद्धत लक्षणीय आहे. ती दुखण्याचा मार्ग आणि हाताची गेलेली शक्ती यांच्या आधारे रोग सांगते. एखाद्या हाडाला वा स्नायूला दोषी ठरवत नाही.

पाश्चात्त्य परंपरेत गॅलन आणि पुढे सोळाव्या शतकात व्हेसॅलियस यांना मानेच्या बरगडीची माहिती होती. परंतु तो शवविच्छेदनातील एक कुतूहलाचा विषय होता. त्या बरगडीचा जिवंत माणसाच्या दुखण्याशी संबंध जोडला जाण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

४. बरगडीचे युग (१८२१ ते १९१६)

लंडनचे शल्यविशारद सर ॲस्टली कूपर यांनी १८२१ च्या सुमारास मानेतील हाडाच्या वाढीमुळे हाताच्या रक्तपुरवठ्यात येणारा अडथळा वर्णिला. १८६१ मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात होम्स कूट यांनी अशी हाडाची वाढ शस्त्रक्रियेने काढली. या विकारावरील ही पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया मानली जाते. जंतुनाशक शस्त्रक्रियेचे तंत्र रूढ होण्यापूर्वी मानेच्या त्या भागात, मोठ्या धमनीच्या शेजारी, शस्त्र चालविणे हे मोठे धाडस होते.

१८९५ मध्ये विल्हेल्म रोंटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि परिस्थिती पालटली. आतापर्यंत बोटांनी चाचपून किंवा मृत्यूनंतरच समजणारी बरगडी आता काचेवर स्पष्ट दिसू लागली. परिणामी हाताच्या दुखण्याची तक्रार आणि चित्रात जादा बरगडी अशी जोडी जेथे जुळेल तेथे निदान झाले असे मानले जाऊ लागले. हाताच्या तक्रारी असलेल्या अनेकांच्या चित्रात मात्र बरगडी दिसत नव्हती. १९१० मध्ये ऑस्ट्रेलियातील टी. मर्फी यांनी जादा बरगडी नसलेल्या रुग्णाची नेहमीची पहिली बरगडी काढून त्रास दूर झाल्याचे नोंदविले. अमेरिकेतील विल्यम हॅल्स्टेड यांनी १९१६ मध्ये अरुंद जागेच्या पुढे धमनी का फुगते याचा प्रयोगांद्वारे अभ्यास मांडला. म्हणजेच, जादा हाड नसतानाही दाब संभवतो, हा विचार विसाव्या शतकाच्या आरंभी पुढे आला होता.

५. स्नायूचे युग (१९२७ ते १९४५)

अमेरिकेतील रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमधील आल्फ्रेड ॲडसन व जे. आर. कॉफी यांनी १९२७ मध्ये वेगळी वाट दाखविली. (नागपूरकरांना परिचित असलेल्या मेयो रुग्णालयाशी, म्हणजे आजच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाशी, या संस्थेचा नामसाधर्म्यापलीकडे संबंध नाही.) जादा बरगडी असतानाही ती न काढता केवळ पुढचा स्केलीन स्नायू कापल्यास आराम पडतो, असे त्यांनी दाखविले. रुग्णाने दीर्घ श्वास घेऊन मान वर करून बाजूला वळविली असता मनगटावरील नाडी मंदावते काय, हे पाहण्याची ‘ॲडसन चाचणी’ त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाली. १९३५ मध्ये ऑक्सनर, गेज व डबेकी यांनी बरगडी नसलेल्या रुग्णांमध्येही हाच स्नायू दोषी असल्याचे मांडले. शस्त्रक्रिया तुलनेने सोपी असल्याने ती वेगाने पसरली.

या चाचणीतील उणीव कालांतराने ध्यानात आली. कोणताही त्रास नसलेल्या अनेक निरोगी व्यक्तींचीही नाडी या स्थितीत मंदावते. शिवाय नाडी धमनीची स्थिती सांगते, मज्जातंतूंची नव्हे. त्यामुळे केवळ या चाचणीवर विसंबून केलेले निदान डळमळीत ठरते.

दुसऱ्या महायुद्धाने आणखी एक बाजू पुढे आणली. फाल्कनर व वेडेल यांनी १९४३ मध्ये गळपट्टीचे हाड व पहिली बरगडी यांमधील फटीत पडणारा दाब वर्णिला. खांदे मागे व खाली ओढून ताठ उभे राहण्याची लष्करी ढब आणि पाठीवरचे ओझे यांचा या दाबाशी असलेला संबंध त्यामुळे प्रकाशात आला. १९४५ मध्ये आय. एस. राइट यांनी हात दीर्घकाळ डोक्यावर राहिल्याने होणाऱ्या त्रासाचे वर्णन केले. रोगाचे कारण जन्मजात रचनेत नव्हे तर माणूस शरीर कसे वापरतो यातही असू शकते, हे या दोन नोंदींनी सूचित केले.

६. रुग्णांची फेरवाटणी (१९४३ ते १९७०)

याच सुमारास शेजारच्या रोगांची ओळख पटू लागली. अमेरिकेतील सेम्स व मर्फी यांनी १९४३ मध्ये मानेच्या मणक्यांमधील चकती सरकल्याने हातात येणाऱ्या कळांचे वर्णन केले. मनगटातील बोगद्यात मध्यवर्ती मज्जातंतू दाबला जातो, हे ब्रेन, राइट व विल्किन्सन यांच्या १९४७ च्या लेखनाने आणि १९५० च्या दशकात जॉर्ज फालेन यांच्या कार्याने सर्वमान्य झाले. मज्जातंतूंतील विद्युत्प्रवाहाचा वेग मोजण्याचे तंत्र १९४० च्या दशकाच्या अखेरीस माणसांवर वापरले जाऊ लागले आणि दाब नेमका कोठे आहे हे मोजून सांगणे शक्य झाले.

याचा परिणाम विलक्षण झाला. ज्यांच्या हाताच्या दुखण्याचे खापर पूर्वी मानेच्या बरगडीवर किंवा स्केलीन स्नायूवर फोडले जात असे, त्यांपैकी अनेकांचा रोग प्रत्यक्षात मणक्यात किंवा मनगटात होता. मानेवर झालेल्या कित्येक शस्त्रक्रिया अशा रीतीने अनावश्यक ठरल्या. या फेरवाटणीनंतर मान-खांद्यामधील दाबाचा अस्सल रुग्ण कोण, हा प्रश्न शिल्लक राहिला. त्याचे उत्तर लंडनचे रॉजर गिलिॲट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये दिले. त्यांनी वर्णिलेल्या रुग्णांमध्ये अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सर्वाधिक वाळलेला होता, संवेदना मात्र करंगळीच्या व हाताच्या आतील बाजूस कमी झाली होती. शस्त्रक्रियेत अनेकदा अविकसित बरगडीपासून पहिल्या बरगडीपर्यंत ताणलेला एक तंतुमय पट्टा आढळला. क्ष-किरण चित्रात असा पट्टा दिसत नाही. तो ओळखण्याची खूण हातावरच होती.

७. नामकरण आणि वाद (१९५६ नंतर)

‘थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम’ ही संज्ञा पीट व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९५६ मधील लेखाने रूढ केली. ज्या लेखाने या विकाराला नाव दिले, त्याचा विषय शस्त्रक्रिया नव्हताच. खांद्याचे स्नायू बळकट करणाऱ्या व शरीराची ठेवण सुधारणाऱ्या व्यायामांचे मूल्यमापन हा त्याचा विषय होता. पुढील काळाने नाव स्वीकारले. व्यायामाचा आग्रह मात्र मागे पडला.

१९६६ मध्ये डेव्हिड रूस यांनी काखेतून पहिली बरगडी काढण्याची पद्धत मांडली. व्रण झाकला जाणारी ही शस्त्रक्रिया अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. १९८० च्या दशकात तिच्याविरुद्ध आवाज उठला. १९८६ मध्ये चेरिंग्टन व सहकाऱ्यांनी आणि १९८८ मध्ये आसा विलबोर्न यांनी या शस्त्रक्रियेनंतर मज्जातंतूंच्या जाळ्यास झालेल्या गंभीर इजा प्रसिद्ध केल्या. ज्यांच्या तपासणीत कोणताही वस्तुनिष्ठ दोष नव्हता, असे काही रुग्ण शस्त्रक्रियेनंतर कायमचे अधू झाले होते. तेव्हापासून मज्जातंतूंच्या बाबतीत ‘अस्सल’ आणि ‘वादग्रस्त’ असे दोन गट मानले जाऊ लागले. अस्सल प्रकार अत्यंत विरळा असून त्याचे प्रमाण दहा लाखांत सुमारे एक मानले जाते. वादग्रस्त प्रकारात वेदना व मुंग्या असतात, पण स्नायू वाळलेले नसतात आणि विद्युत् तपासणी सामान्य येते. २०१४ च्या कोक्रेन आढाव्याने उपचारांविषयीचा पुरावा अपुरा असल्याचे नमूद केले. २०१६ मध्ये अमेरिकेतील रक्तवाहिनी-शल्यविशारदांच्या संघटनेने निदान व नोंदींचे निकष ठरवून दिले.

८. विदर्भातील वाळलेला हात

या जागतिक इतिहासाला विदर्भात एक स्वतंत्र परिमाण आहे. वाळलेला, बोटे वाकलेला हात म्हटला की येथील जनमानसात पहिली आठवण कुष्ठरोगाची होते. त्यामागे इतिहास आहे. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठसेवेचा आरंभ केला. सेवाग्राम आश्रमात महात्मा गांधींनी परचुरे शास्त्री यांची स्वतः शुश्रूषा केली. १९४६ मध्ये शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीजवळ तपोवन उभारले. १९५१ मध्ये वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांचे आनंदवन सुरू झाले आणि त्याच वर्षी गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठानाची स्थापना होऊन वर्धा हे त्याचे केंद्र बनले. रुग्णसेवेची इतकी केंद्रे एका प्रदेशात उभी राहिली, यावरून या रोगाची येथील व्याप्ती आणि समाजाने रुग्णांना दिलेली वागणूक या दोहोंची कल्पना येते.

कुष्ठरोग हा मूलतः त्वचा व मज्जातंतूंचा रोग आहे. त्याचे जंतू शरीराच्या तुलनेने थंड भागांतील मज्जातंतूंत वाढतात. कोपराच्या आतील बाजूचा मज्जातंतू त्वचेलगत असल्याने तो वारंवार बाधित होतो. अनामिका व करंगळी वाकतात आणि तळहाताचे मांस वाळते. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अशा हातांवर स्नायुबंध बदलण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. हात ‘सडत’ नाही, तर मज्जातंतू निकामी झाल्याने तो दुबळा व असुरक्षित होतो, हे त्यांच्या कार्याने सिद्ध झाले.

वाळलेल्या हाताचा अर्थ लावताना येथे दोन्ही दिशांनी चूक संभवते. मान-खांद्यामधील दाबाच्या रुग्णावर कुष्ठरोगाचा शिक्का बसल्यास त्याला सामाजिक बहिष्काराची झळ पोहोचू शकते. उलट कुष्ठरोगी रुग्णास ‘मानेचा त्रास’ समजून पट्टा बांधल्यास औषधाचा मोलाचा काळ वाया जातो. बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. राष्ट्रीय पातळीवर त्याचे प्रमाण दहा हजारांत एकाहून कमी झाल्याचे डिसेंबर २००५ मध्ये साध्य झाले. तरीही पूर्व विदर्भात नवे रुग्ण आजही आढळतात.

हा भेद ओळखण्यास महागड्या यंत्राची पहिली गरज नसते. कुष्ठरोगात कोपरामागील मज्जातंतू बोटांना जाड व दुखरा लागतो आणि त्वचेवर बधिर चट्टा सापडू शकतो. कोपरातील मज्जातंतू बाधित झाल्यास संवेदना करंगळी व अर्ध्या अनामिकेपुरती जाते, कोपर ते मनगट या भागातील आतील बाजू शाबूत राहते. मान-खांद्यामधील दाबात नेमकी हीच बाजू बधिर होते आणि अंगठ्याचा उंचवटा अधिक वाळतो. तिसरा पर्यायही विसरता येत नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील डॉ. एम. गौरीदेवी यांनी १९८४ मध्ये भारतीय तरुणांमध्ये एकाच हाताचे वा पायाचे स्नायू वेदनेविना वाळण्याचा विकार वर्णिला. जपानचे हिरायामा यांनी १९५९ मध्ये तरुणांच्या हातातील तत्सम विकार नोंदविला होता. त्यात संवेदना सहसा शाबूत असते. चौथी शक्यता सर्वांत गंभीर आहे. फुप्फुसाच्या शेंड्यावरील गाठ याच मज्जातंतूंवर दाब आणते. हेन्री पॅनकोस्ट यांनी १९३२ मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले. धूम्रपान करणाऱ्या मध्यमवयीन व्यक्तीच्या खांद्यातील न थांबणाऱ्या कळा आणि त्यासोबत झुकलेली पापणी किंवा घटलेले वजन यांकडे दुर्लक्ष करणे जिवावर बेतू शकते.

९. भार वाहणारा खांदा

वैद्यकीय ग्रंथांत बरगडी, स्नायू व पट्टे यांची चर्चा विपुल आहे; खांद्यावरील ओझ्याची चर्चा त्यामानाने अल्प आहे. ओझ्याचा प्रश्न महाराष्ट्रात दवाखान्याऐवजी कामगार चळवळीने मांडला. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी केली. ते स्वतः वैद्यकीय व्यवसायातून या चळवळीत आले होते, ही बाब येथे अर्थपूर्ण ठरते. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांना संघटित केले. या लढ्यांतून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम अस्तित्वात आला. माथ्यावर भार वाहणारा तो माथाडी. श्रमिकाची ओळखच त्याच्या शरीराच्या ज्या भागावर ओझे येते त्यावरून ठरावी, हे भाषेने जपलेले वास्तव आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये एका व्यक्तीने वाहावयाच्या कमाल वजनाविषयी करार संमत केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोग्रॅमची मर्यादा सुचविली. त्या काळी बाजारपेठांत क्विंटलभराचे पोते एकट्याने पाठीवर घेण्याची रीत होती. पुढे धान्यासाठी ५० किलोंची गोणी रूढ झाली, हे हमालांच्या मागणीचे मोठे यश होय. ओझ्यामुळे प्रत्येक हमालाला हा विकार होतो, असे म्हणण्यास आधार नाही. परंतु खांदा खाली दाबणाऱ्या भाराने अरुंद वाट अधिक अरुंद होते, हे शरीररचनेवरून स्पष्ट आहे. आणि वजनाची मर्यादा हा एक प्रकारचा प्रतिबंधक उपचारच आहे.

१०. आजची निदान व उपचारपद्धती

आजचे निदान अनेक पुराव्यांच्या बेरजेवर उभे असते. रुग्णाची कहाणी, हात व मानेची तपासणी, हात वर धरून मुठी उघडझाप करण्याची चाचणी, मान व छातीचे क्ष-किरण चित्र, मज्जातंतूंची विद्युत् तपासणी आणि आवश्यकतेनुसार एमआरआय किंवा रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी यांचा एकत्रित विचार केला जातो. अस्सल प्रकारात मनगटातील मध्यवर्ती मज्जातंतूची स्नायूंकडे जाणारी क्षमता घटते, पण त्याची संवेदना शाबूत राहते. करंगळीची संवेदना मात्र क्षीण होते. ही विशिष्ट रचना मनगटातील दाबात आढळत नाही.

स्नायू वाळलेले नसतील व रक्तवाहिनीचा दोष नसेल, तर प्रथम व्यायामोपचार करावा, यावर आज बहुतांशी एकमत आहे. खवाट्याला आधार देणारे स्नायू बळकट करणे, आखडलेले स्केलीन व छातीचे स्नायू सैल करणे, वरच्या छातीने श्वास घेण्याची सवय मोडणे आणि कामाची ठेवण बदलणे यांचा त्यात समावेश होतो. किमान काही महिने सातत्य ठेवल्याशिवाय फलित ठरविता येत नाही. स्नायू वाळू लागले असतील तर मात्र विलंब घातक ठरतो. शस्त्रक्रियेनंतर वेदना व बधिरपणा कमी होतो आणि झीज थांबते. पण वाळलेला स्नायू क्वचितच पूर्ववत होतो. धमनीचा दाब किंवा शिरेतील गुठळी ही त्वरित उपचारांची बाब आहे.

११. मिहान : दोन प्रकारचे खांदे

महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीची स्थापना २००२ मध्ये झाली आणि नागपूरच्या दक्षिणेस मिहान प्रकल्प आकारास येऊ लागला. बहुविध वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय मालकेंद्र ही त्याची मूळ संकल्पना. शिवणगाव, खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही या गावांच्या शेतजमिनींवर विमानदुरुस्तीचे केंद्र, गोदामे आणि टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस यांसारख्या संगणक कंपन्यांची संकुले उभी राहिली. त्यामुळे एकाच परिसरात दोन प्रकारचे श्रम शेजारी आले. एकीकडे माल चढविणारा-उतरविणारा कामगार आहे, ज्याचा खांदा ओझ्याने खाली दाबला जातो. दुसरीकडे संगणकासमोर तासन्‌तास मान पुढे काढून, खांदे झुकवून बसणारा तरुण आहे. दोघांच्या तक्रारीचे शब्द सारखेच असू शकतात, परंतु दोघांचे निदान एकच असेल असे नाही.

याच मिहानमध्ये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजेच एम्स नागपूर, उभी आहे. तिची पहिली एमबीबीएस तुकडी २०१८ मध्ये दाखल झाली आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी संस्थेचे औपचारिक लोकार्पण झाले. त्याच दिवशी समृद्धी महामार्गाच्या नागपूर ते शिर्डी या टप्प्याचेही उद्घाटन झाले. मालाची वाहतूक वेगवान करणारा रस्ता आणि श्रमाने थकलेल्या शरीराची दखल घेणारे रुग्णालय यांचा आरंभ एकाच दिवशी व्हावा, हा योगायोग अभ्यासकाला विचारप्रवृत्त करतो. १८६२ पासूनचे मेयो रुग्णालय आणि १९४७ चे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्या परंपरेत एम्सची भर पडल्याने विद्युत् तपासणी, एमआरआय व पुनर्वसन या सुविधांसाठी विदर्भातील रुग्णाला मुंबई किंवा वेल्लोर गाठण्याची गरज कमी झाली आहे. तथापि यंत्र जवळ आले की निदानही आपोआप अचूक होते, हा समज उपरोक्त इतिहास खोडून काढतो. क्ष-किरणांनी बरगडी दाखविली, तेव्हा बरगडीच दोषी ठरली होती. एमआरआयच्या चित्रात मानेच्या मणक्यातील झीज दिसते, तेव्हा हाताच्या प्रत्येक दुखण्याला ‘स्पाँडिलायसिस’ म्हणण्याचा मोह त्याच जातीचा आहे.

१२. निष्कर्ष

१. मान व खांद्यामधील मज्जातंतूंवरील दाबाच्या इतिहासात रोगाचे मानलेले कारण साधनांसोबत बदलत गेले. क्ष-किरणांनी बरगडी, शस्त्राने स्नायू आणि काखेतील नव्या वाटेने पहिली बरगडी पुढे आणली.

२. या एकांगीपणाची दुरुस्ती शेजारच्या रोगांची ओळख, मज्जातंतूंचे मोजमाप आणि हाताची बारकाईने केलेली तपासणी यांनी झाली. विकाराचे नाव रूढ करणारा १९५६ चा लेख व्यायामावर होता, हे विस्मरणात जाणे रुग्णांना महाग पडले.

३. विदर्भात वाळलेला हात हा वैद्यकीय खुणेइतकाच सामाजिक खुणेचा विषय राहिला आहे. येथे चुकीच्या निदानाने स्नायू जातो, तसाच माणूसही घरातून व गावातून जाऊ शकतो.

४. १९६९ च्या माथाडी कायद्याने व गोणीचे वजन घटल्याने खांद्यावरचा भार हलका केला. त्यामुळे उपचारांच्या इतिहासात कामगार चळवळीलाही स्थान द्यावे लागते.

५. मिहानमधील मालकेंद्र, संगणक संकुले आणि एम्स यांचे एकत्र असणे ही अभ्यासाची मोठी संधी आहे. तेथे येणाऱ्या प्रत्येक हाताच्या तक्रारीसोबत ‘काम काय करता?’ हा साधा प्रश्न नोंदला गेला, तर दोन शतकांच्या इतिहासाने मागे टाकलेली एक उणीव नागपुरात भरून निघू शकेल.